विहिरीतलं औषध

"औषध म्हणजे काय?"

कौसल्याबाईंनी विचारलं आणि हातातला कागद टेबलावर पालथा ठेवला.

सुकेशिनीला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

"काय म्हणालात, बाई?"

"तू लिहिलंयस. 'आपल्या विहिरीत औषध टाकण्यात आलं आहे.' औषध म्हणजे काय?"

"औषध म्हणजे... औषध. ब्लिचिंग पावडर. पाणी शुद्ध करायची."

"कासारखेडला काय म्हणतात?"

"पावडरीला?"

"औषधाला."

सुकेशिनीला हसू आलं. तिनं ते दाबलं नाही.

"बाई, औषधाला सगळीकडे औषधच म्हणतात."

कौसल्याबाईंनी पालथा कागद तिच्याकडे सरकवला.

कौसल्याबाई उके यांचं सगळं आयुष्य रेडिओवर गेलं होतं. बायकांसाठीचा कार्यक्रम करायच्या. निवृत्त झाल्यावर तालुक्याच्या या छोट्या रेडिओ केंद्रात येऊन बसू लागल्या. आरोग्यसेविकांना, आशाताईंना रेडिओवरचे आरोग्यसंदेश तयार करायला शिकवत. शिकवत म्हणजे बहुतेक वेळ गप्प असत.

सुकेशिनी वानखडे त्यांच्याकडे आलेली सगळ्यात हुशार आरोग्यसेविका. नर्सिंगला पहिली आलेली. वक्तृत्वाच्या ढाली घरात मांडून ठेवलेल्या. आवाज भरदार, स्वच्छ. बोलताना ती स्वतःचं बोलणं ऐकायची, आणि तिला ते आवडायचं.

त्या आठवड्यात तालुक्यात हगवणीची साथ होती. कासारखेडचं एक लेकरू सलाइनवर होतं. नाल्याचं पाणी दूषित निघालं होतं. विहिरीत त्या दिवशी सकाळीच पावडर पडली होती, म्हणजे आता विहीर चांगली. हे गावाला लगेच सांगायचं होतं.

"संदेश आज दुपारी गेला पाहिजे," सुकेशिनी म्हणाली. "डॉक्टरसाहेबांनी वाचलाय. मान्य केलाय."

"आधी कासारखेडला जाऊन ये."

"कशाला?"

"विचारायला."

"काय विचारायला, बाई? तिकडे माणसं आजारी पडतायत. मी गावात जाऊन शब्दांचे अर्थ विचारत बसू?"

कौसल्याबाई उठल्या. छत्री घेतली.

"मी जेवून येते. तोवर जाऊन ये. मग लावू."

त्या गेल्या.

सुकेशिनी काचेपलीकडे बसलेल्या तेजरामकडे पाहत राहिली. तेजराम यंत्र सांभाळायचा. त्याला बाईंचं बोलणं ऐकू आलं होतं. त्यानं मान खाली घातली.

"तेजराम, ध्वनिमुद्रण तयार आहे ना?"

"आहे. पण बाई म्हणाल्या..."

"संदेश आरोग्य खात्याचा आहे. बाईंचा नाही. एखादं लेकरू दगावलं तर उत्तर कोण देईल? तू?"

तेजरामनं बटण दाबलं.

दुपारच्या गाण्यांच्या मध्ये तिचा आवाज तालुकाभर गेला. शेतात, टपरीवर, मोबाईलवर.

"कासारखेडच्या ग्रामस्थांनो! आपल्या विहिरीत औषध टाकण्यात आलं आहे. घाबरू नका. हेच पाणी प्या, आणि निरोगी राहा!"

तिनं डोळे मिटून ऐकलं. एक शब्द अडखळला नव्हता.

कौसल्याबाई परत आल्या तेव्हा दारातच थांबल्या.

"लावलंस."

"हो."

बाईंनी छत्री कोपऱ्यात उभी केली. खुर्चीत बसल्या. रागावल्या नाहीत. सुकेशिनीला ते रागावण्यापेक्षा जड गेलं.

थोड्याच वेळात तिचा फोन वाजला. कासारखेडची आशाताई होती. मागे आरडाओरडा चालला होता.

"मॅडम, लवकर या... उकंडाभाऊले धरलं लोकायनं. विहिरीपाशी. मारून रायले त्याले."

"कोणाला? का?"

"उकंडाभाऊ. पानी सोडते तो. त्यानं पहाटे विहिरीत टाकलं म्हनून... मॅडम, तुम्ही रेडिओवर काय बोलल्या? लोक म्हनते विहिरीत औषध टाकलं. फवारनीचं. बाया घागरी घेऊन नाल्यावर चालल्या."

फोन बंद झाला.

सुकेशिनी उभी होती तशीच राहिली.

कापसाचा मुलूख. इथे कपाशीवर मारतात ते औषध. पंपात भरतात ते औषध. डबीवर कवटीचं चित्र असतं, ते औषध. तिला हे ठाऊक नव्हतं असं नाही. फक्त कागदावर लिहिताना आठवलं नव्हतं.

गाडीत दोघी शेजारी बसल्या.  दोन्ही बाजूंनी कपाशी मागे पळत होती.

मग सुकेशिनीचा बांध फुटला.

"तुम्हाला माहीत होतं, बाई. माहीत होतं तर मला सांगितलं का नाही? मला अद्दल घडवायची होती?"

कौसल्याबाईंनी तिच्याकडे पाहिलं.

"मला माहीत नव्हतं."

"म्हणजे?"

"मला माहीत नव्हतं. म्हणून विचारलं."

...

विहिरीभोवती गाव जमलं होतं. काठावर उकंडाभाऊ बसवलेला. सदरा फाटलेला, ओठ फुटलेला. बाजूला एक रिकामं पोतं पडलं होतं. कोणीतरी ते पुरावा म्हणून आणून ठेवलं होतं. एका तरुणाच्या हातात काठी होती आणि ती खाली येत नव्हती.

"कोनं सांगतलं तुले टाकाले? बोल!"

"पंचायतनं... दर वर्सी टाकतो मी..."

"खोटं बोलते!"

सुकेशिनी गर्दीतून पुढे शिरली.

"थांबा! त्यांना सोडा! मी आरोग्य खात्यातून आले आहे..."



काठीवाला हळूच वळला.

"हाच," तो म्हणाला. "हाच आवाज. रेडिओवर हीच बोलली."

सगळ्यांच्या माना तिच्याकडे फिरल्या. ज्या आवाजाचा तिला अभिमान होता, त्यानंच तिची ओळख पटवली होती.

"तू म्हटलं ना, औषध टाकलं?"

"हो, पण..."

"अन् घाबरू नका बी म्हटलं. घाबराचं काही नसतं, तर म्हटलं कायले?"

"ऐकून तर घ्या. ती क्लोरीनची पावडर आहे. निर्जंतुकीकरण म्हणजे पाण्यातले जंतू मारण्यासाठी..."

"मारते ना पन? जंतू मारते, तर मानूस सोडते काय?"

"प्रमाणात टाकली तर मानवी शरीराला..."

पुढचे शब्द बाहेर पडले नाहीत. कौसल्याबाईंचा हात तिच्या तोंडावर आला होता. सुरकुतलेला, कोरडा हात. तो तिथेच राहिला, सुकेशिनीचा श्वास खाली बसेपर्यंत.

मग बाई विहिरीकडे गेल्या. दोर सोडला. बादली पाण्यावर आपटल्याचा आवाज आला. त्यांनी पाणी ओढलं, ओंजळ भरली आणि प्याल्या.

कोणीच हललं नाही.

"तुमचं वय झालं, बाई," गर्दीतून एक बाई म्हणाली. "तुमचं काय जाते?"

कौसल्याबाईंनी मान डोलावली. जणू हे अगदी बरोबर होतं.

त्यांनी बादली उचलली आणि सुकेशिनीपुढे ठेवली.

सुकेशिनीनं पाण्याकडे पाहिलं. पावडरीचा उग्र वास येत होता. विहिरीत काय पडलं ते तिला पक्कं ठाऊक होतं. तरी बादलीजवळ वाकल्यावर तिची ओंजळ पाण्यावरच अडली. इतके लोक एखाद्या पाण्याला विष म्हणत असले, की ते पाणी वेगळं दिसतं.

ती प्याली. ओंजळीनं. पुन्हा पुन्हा.

"दवाखान्यातली हाय," काठीवाला म्हणाला. "उतारा घेऊन आली असन."

तेव्हा गर्दी बाजूला झाली आणि एक बाई पुढे आली. उंच, हडकुळी. डोक्यावरचा पदर घट्ट ओढलेला. 

ती पार्बताबाई. गेल्या हंगामात तिचा मुलगा अंकुश कपाशी फवारता फवारता गेला होता.

"माह्या अंकुशलेबी लगेच काही झालं नव्हतं," ती म्हणाली. आवाज अगदी हळू होता. "दुपारी फवारून आला. जेवला. हसला. सांजेले झालं."



सुकेशिनीनं कौसल्याबाईंकडे पाहिलं. बाई विहिरीच्या आत पाहत होत्या.

मागून काही बाया नाल्यावरून येत होत्या. डोक्यावर भरल्या घागरी. सुकेशिनीला ते गढूळ पाणी दिसलं, आणि त्यामागे सलाइन लावलेलं लेकरू. तिच्या मनात तयार असलेलं सगळं भाषण कुठेतरी गळून पडलं.

"मावशी," ती पार्बताबाईला म्हणाली, "मी मरते का ते तुम्हाला पाहायचंय ना?"

पार्बताबाई दचकली.

"पाहा. मी सांजेपर्यंत इथेच बसते. कुठे जात नाही. पण तोवर नाल्याचं पाणी कोणी पिऊ नका. घरात भरून ठेवलेलं असेल ते उकळा आणि प्या. एवढं करा."

"अन् उकंडा?"

"तो बसेल माझ्याजवळ. तोही पिईल."

उकंडाभाऊ फुटक्या ओठानं बादलीतलं पाणी प्याला. पिताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ओठ झोंबला म्हणून, की आणखी कशानं, सांगता येत नाही.

पार्बताबाईनं नाल्यावरून येणाऱ्या बायांकडे पाहिलं.

"ठेवा त्या घागरी खाली," ती म्हणाली. "सांज होऊ द्या."

एकीनं ठेवली. मग दुसरीनं. एक मात्र तशीच घरी निघून गेली.

काठीवाल्यानं काठी जमिनीला टेकवली. टाकली नाही.

...

दुपार हलेना.

सुकेशिनी विहिरीच्या सावलीला बसली होती. एका बाजूला कौसल्याबाई, दुसऱ्या बाजूला उकंडाभाऊ. समोर गाव.

मध्येच डॉक्टरसाहेबांचा फोन आला. तिनं उचलला, "मी गावात आहे, साहेब," एवढंच म्हणाली आणि ठेवला. नेहमी ती साहेबांशी सविस्तर बोलायची.

तहान लागली की ती त्याच बादलीतलं प्यायची. प्याली की समोरच्यांचं कुजबुजणं थांबायचं.

पार्बताबाई हळूहळू जवळ सरकत आली. शेवटी अगदी गुडघ्याला गुडघा लागेल अशी बसली.

"इकडं पाह्य."

सुकेशिनीनं पाहिलं.

पार्बताबाईनं तिची हनुवटी धरली. चेहरा उजेडाकडे वळवला आणि डोळ्यांत निरखून पाहिलं. एका डोळ्यात, मग दुसऱ्या.

"डोळ्यातली भावली बारीक होते," ती म्हणाली. "टाचनीच्या टोकाएवढी. तोंडाले पानी सुटते. अंकुशचं तसंच झालं होतं. मले वाटलं, उन्हानं आलं..."

तिनं हनुवटी सोडली.

"हात दाखव."

सुकेशिनीनं हात पुढे केला. तो थरथरत होता. समोरची माणसं उठून उभी राहिली.

काठीवाला पुढे आला. "पाह्यलं? कापते!"

सुकेशिनीनं हात मागे घेतला नाही. तिला काहीतरी शास्त्रीय सांगता आलं असतं. तिनं सांगितलं नाही.

"मी घाबरले आहे, मावशी," ती म्हणाली.

पार्बताबाई त्या हाताकडे पाहत राहिली. मग तिनं तो आपल्या दोन्ही हातांत धरला. 

"मीबी," ती म्हणाली.

लोक पुन्हा खाली बसले.

त्यानंतर त्या दोघी बोलू लागल्या. पार्बताबाई बोलत होती आणि सुकेशिनी ऐकत होती. अंकुशला तिखट आवडायचं. त्याला पोहता येत होतं, या विहिरीत त्यानं कितीदा उडी मारली होती. तो गेल्यावर घरातला फवारणीचा पंप तिनं नाल्यात फेकून दिला होता.

"मावशी," सुकेशिनीनं मध्येच विचारलं, "उकंडाभाऊ टाकतात त्याला तुम्ही काय म्हणता?"

"म्हनाचं काय? भुकटी. पांढरी भुकटी. वास येते तिचा."

"दर वर्षी?"

"दर वर्सी. वास आला का समजाचं, उकंडानं टाकली."

"मग आज का भ्यालात?"

पार्बताबाईनं तिच्याकडे पाहिलं. नजरेत राग नव्हता.

"आज तू औषध म्हटलं."

...

ऊन उतरलं. गुरं परतली. त्यांच्या पायांची धूळ विहिरीवरून गेली.

सुकेशिनीला काहीही झालं नव्हतं. पाठ आखडली होती, एवढंच. उकंडाभाऊ बसल्या जागी पेंगत होता आणि घोरत होता. एक म्हातारा हसला. त्या दिवशी तिथे हसलेला तो पहिला माणूस.

पार्बताबाई उठली. तिनं पुन्हा सुकेशिनीची हनुवटी धरली. पुन्हा दोन्ही डोळे पाहिले. बराच वेळ.

मग तिनं बादलीतलं उरलेलं पाणी हातावर घेतलं. ओठांशी नेलं... थांबली.



तिनं ते तोंडात घेतलं आणि गिळलं.

"भुकटीचंच हाय," ती म्हणाली.

हळूहळू बाया पुढे आल्या. नाल्याच्या घागरी ओतल्या गेल्या. विहिरीवर दोर करकरू लागला. काठीवाला कधी निघून गेला ते कोणी पाहिलं नाही; काठी तेवढी उकंडाभाऊजवळ पडलेली होती. काहीजण मात्र पाणी न भरताच घरी गेले. सुकेशिनीनं त्यांना हाका मारल्या नाहीत.

गाडीत बसताना पार्बताबाई खिडकीशी आली.

"रातीले झालं तं?"

"काय?"

"तुले. रातीले काही झालं तं मले कसं समजन?"



"सकाऊन रेडिओवर बोल," पार्बताबाई म्हणाली. "मी लावीन. तुहा आवाज आला का मंग मी लेकरायले पाजीन. नाही तं नाही."

गाडी निघाली. वाटेत सुकेशिनी रडली. कौसल्याबाईंनी तिला रडू दिलं.

...

सकाळी ती रेडिओ केंद्रावर आली तेव्हा तिच्या हातात कागद नव्हता. दिवसभराच्या धुळीनं आणि रडण्यानं आवाज बसला होता. तिनं माईक जवळ ओढला.

तेजरामनं काचेतून खूण केली. लाल दिवा लागला.

"पार्बतामावशी..."

आवाज चिरकला. तिनं घसा साफ केला. तेही तसंच हवेत गेलं.

"पार्बतामावशी, मी सुकेशिनी. मी बरी आहे. रात्री झोप लागली. सकाळी चहा घेतला.

"काल मी चुकीचा शब्द बोलले. त्याच्यापायी उकंडाभाऊंना मार बसला. त्यांची चूक नव्हती. माझी होती.

"ते विहिरीत टाकतात ती पांढरी भुकटी. फवारणीचं ते नाही. दर वर्षी टाकतात, तीच. पाण्याला तिचा वास आला, तर पाणी चांगलं. नाल्याच्या पाण्याला वास नाही, पण त्यानंच पोरं आजारी पडलीत.

"मावशी, मी तुमच्यासमोर प्याले. तुम्हीही प्यालात. आता लेकरांना पाजा."

ती थांबली. आणखी काही म्हणायचं होतं का, ते तिलाच कळेना. लाल दिवा विझला.

तेजराम आत आला. "ताई, घसा खाकरल्याचा आवाज गेला. सुरुवातीलाही अडखळलात. दुपारसाठी पुन्हा करायचं का?"

सुकेशिनीनं मान हलवली. नको.

कौसल्याबाई कोपऱ्यात बसून होत्या. त्यांनी डोळे मिटलेले होते.

थोड्या वेळानं आशाताईचा फोन आला. विहिरीवर रांग लागली होती. पार्बताबाईनं शेजारच्या लेकरांना स्वतःच्या हातानं पाणी पाजलं होतं. उकंडाभाऊच्या ओठाला कोणीतरी हळद लावून दिली होती.

सुकेशिनी खुर्चीत मागे रेलली. कालपासून पहिल्यांदा.

दुपारी डॉक्टरसाहेबांचा फोन आला. ते खूश होते. कासारखेडचं लेकरू सुधारत होतं. सलाइन काढली होती.

"पण दहेगावात आजच पावडर टाकली आहे, वानखडे," ते म्हणाले. "तिथेही लोक विहिरीचं पाणी पीत नाहीत. पलीकडच्या गावांतही तेच. तुमचा सकाळचा संदेश फारच परिणामकारक झाला. नावं तेवढी बदला आणि सगळ्या गावांसाठी लावून टाका."

तिनं फोन ठेवला. चेहऱ्यावर थोडा जुना रंग आला होता. ती कागद ओढून बसली. "पार्बतामावशी" लिहिलं, खोडलं. तिथे काय लिहावं याचा विचार करू लागली.

"बाई, दहेगावला कोण ओळखीचं आहे? एखादं नाव सांगा ना. बाकीचं तेच ठेवू. भुकटी, वास, नाला... तेच चालेल ना?"

कौसल्याबाई खिडकीबाहेर पाहत होत्या.

"बाई?"

बाई उठल्या. कोपऱ्यातली छत्री घेतली. बाहेर रस्त्यावर दहेगावची एस.टी. येऊन थांबली होती आणि कंडक्टर दारात उभा राहून ओरडत होता.

दारात त्या वळल्या. सुकेशिनीच्या हातातल्या पेनाकडे पाहिलं.

"सुकेशिनी," त्या म्हणाल्या, "तुला तहान लागलीय का?"